सवलत मागायची कुणी?

विशेष गरजा असलेल्या मुलांचा दहावीनंतरचा रस्ता : दादर, परळ, लालबाग, गिरगावातल्या घरांसाठी

शाळेत असेपर्यंत सवलत मुलाच्या बाकापर्यंत चालत येते. वर्गशिक्षिका अर्ज भरतात, आई केईएमच्या रांगेत उभी राहून प्रमाणपत्र आणते, मुख्याध्यापक ते बोर्डाकडे धाडतात आणि परीक्षेच्या दिवशी लेखनिक वेळेवर हजर होतो. या साऱ्यात मुलाला एकदाही तोंड उघडावे लागत नाही. आपल्याला जास्तीचा वेळ का मिळतो, हेसुद्धा पुष्कळ मुलांना कुणी नीट सांगितलेले नसते.

कॉलेजात हे सगळे एका फटक्यात थांबते. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला फळ्यावरची अक्षरे उलटसुलट दिसतात, हे प्राध्यापकांना आपोआप कळणार नाही. परीक्षा विभागातला कारकून तिच्या घरी फोन करणार नाही. कायदा तिच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यांत येते. पण याच कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरता आहे. अठरानंतर हक्क संपत नाहीत, फक्त ते मागून घ्यावे लागतात, आणि मागणारा माणूस बदलतो. आई-बाबा मागे सरकतात, मुलाला पुढे यावे लागते.

म्हणून दहावीनंतरची तयारी खरे तर नववीतच सुरू व्हायला हवी. कॉलेज कोणते, कोर्स कोणता, नोकरी कुठे हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण स्वतःची अडचण आणि स्वतःची गरज दोन-तीन वाक्यांत सांगता येणे हे त्यांच्याही आधीचे काम आहे. बोलता येत नसेल तर ती गरज चिठ्ठीवर, फोनवर किंवा चित्रांच्या पाटीवर सांगता यावी.

आधी कागद

मध्य मुंबईतल्या पालकांना एका बाबतीत नशीबवान म्हणायला हवे. राज्याच्या दुसऱ्या टोकाहून लोक ज्या रुग्णालयांसाठी मुंबई गाठतात, ती इथे बसच्या टप्प्यात आहेत. परळला केईएम, शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे. रुग्णालय. हाजीअलीला १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तर वांद्रे रेक्लमेशनला श्रवण आणि वाचा यांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. लोअर परळला डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आहे. वाढीच्या टप्प्यांतल्या अडचणी ओळखणे आणि कुटुंबाला हाताशी धरून पुढे नेणे हे त्याचे काम.

अध्ययन अक्षमतेसाठी केईएम, शीव आणि नायर इथे स्वतंत्र क्लिनिक आहेत. तपासणी एका दिवसात आटपत नाही. डोळे आणि कान तपासले जातात, बुद्ध्यंक काढला जातो, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात आणि मगच निष्कर्ष निघतो. त्यामुळे दहावीच्या दिवाळीत धावाधाव करून भागत नाही. नववीच्या सुरुवातीलाच नाव नोंदवलेले बरे.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा असतो. त्यातून मिळणारे यूडीआयडी कार्ड देशभर चालते. आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र एकदा काढून कपाटात ठेवून दिले, असे मात्र चालत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी मानले होते. ही तत्त्वे २०२४ मध्ये सुधारली गेली. तेव्हा आपल्या मुलाच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हे क्लिनिकमध्येच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मुदत संपलेला कागद हाती असणे, ही टाळता येण्याजोगी आपत्ती आहे.

मूळ कागद, त्यांच्या पाच-पाच प्रती आणि फोनमध्ये स्कॅन केलेली फाइल असा संच तयार हवा. ही फाइल सोळाव्या वर्षापासून मुलाच्या स्वतःच्या ताब्यात द्यावी. हरवली तर पुन्हा काढता येते. आपल्याबद्दल डॉक्टरांनी काय लिहिले आहे ते वाचून पाहण्याची संधी मात्र त्याला एरवी सहसा मिळत नाही.

अकरावी की आणखी काही?

महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला १९९६ पासून सुरुवात केली. देशात तेव्हा या विषयाची चर्चाही फारशी नव्हती. ‘तारे जमीन पर’ पडद्यावर आला तो त्यानंतर अकरा वर्षांनी. जास्तीचा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित अशा सवलतींनी हजारो मुलांना दहावीची नदी पार करून दिली.

पण सवलत घेण्यापूर्वी तिची किंमतही पाहावी. जास्तीचा वेळ आणि लेखनिक यांनी पुढचे कोणतेही दार बंद होत नाही. विषय सोडल्याने मात्र होऊ शकते. नेहमीचे गणित सोडलेल्या मुलाला पुढे विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक किंवा गणित असलेला वाणिज्य अभ्यासक्रम घ्यायचा झाला, तर अडचण येते. म्हणून आठवी-नववीतच पुढचा अंदाज बांधावा, हव्या त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या अटी वाचाव्यात आणि मगच विषय सोडावा. चित्रकला, हॉटेल व्यवस्थापन, छायाचित्रण, बालशिक्षण यांकडे ओढा असलेल्या मुलाने गणिताशी उगाच झुंजत वर्ष घालवण्यातही शहाणपण नाही.

नेहमीची दहावी झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा भक्कम पर्याय आहे. पाच विषय आपल्या आवडीने निवडता येतात, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते आणि एकेक विषय सुटा देता येतो. एका वेळी दोनच पुस्तके समोर असली की ज्याचे डोके शांत राहते, त्याच्यासाठी ही रचना नेमकी आहे. राज्य मंडळाचेही मुक्त विद्यालय आहे. ‘मुक्त’ म्हणजे दुय्यम, हा चाळीतल्या गप्पांमधला समज मनातून काढून टाकावा. हे प्रमाणपत्र पुढच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरले जाते.

पदवीच्या पातळीवर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करत आहे. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र कालिन्यात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आणखी एक खिडकी उघडली आहे. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक पुढे वापरण्याची मुभा. आजारपणामुळे किंवा थकव्यामुळे मध्येच विसावा घ्यावा लागणाऱ्या मुलांसाठी ही तरतूद फार कामाची आहे.

कॉलेजचे नाव की कॉलेजची सोय?

प्रांजल पाटील यांची वाट या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. मूळच्या उल्हासनगरच्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. शालेय शिक्षण दादरच्या कमला मेहता अंध शाळेत झाले. ही शाळा १९०० साली सुरू झाली, म्हणजे दादरची नवी वस्ती उभी राहण्याच्याही आधीची. पुढे त्यांनी सेंट झेवियर्समधून राज्यशास्त्रात पदवी घेतली आणि दिल्लीच्या जेएनयूत उच्च शिक्षण घेतले. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरून त्यांनी यूपीएससीचा अभ्यास केला. पहिल्या यशानंतर रेल्वेच्या सेवेत त्यांची निवड झाली, पण अंधत्वाचे कारण देऊन नियुक्ती नाकारण्यात आली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी पदाची सूत्रे घेतली.

या कहाणीतले यश सर्वांना ठाऊक आहे. पालकांनी लक्षात घ्यायचा भाग वेगळा आहे. दादरच्या विशेष शाळेने आधी हातात कौशल्य दिले : ब्रेल, वावर, आत्मविश्वास. मग धोबीतलावच्या सर्वसाधारण कॉलेजात पदवी झाली. त्याच सेंट झेवियर्समध्ये २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी ‘एक्सआरसीव्हीसी’ हे संसाधन केंद्र सुरू झाले. डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या नेतृत्वाखाली त्याने पुस्तके वाचनयोग्य रूपात आणणे, संगणक प्रशिक्षण आणि धोरणांसाठीचा लढा असे तिन्ही आघाड्यांवर काम केले. माटुंग्याच्या रुईया कॉलेजातही दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी ‘सेल्फ व्हिजन सेंटर’ आहे. गिरगावातून किंवा दादरहून ही दोन्ही ठिकाणे अर्ध्या-पाऊण तासाच्या आत येतात.

मालिनी चिब यांचे उदाहरण आणखी वेगळे. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि टंकलेखन करायला एक करंगळी चालते. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये कुलाब्यात स्पॅस्टिक्स सोसायटीचे पहिले केंद्र सुरू केले. तीच संस्था आज ‘अडाप्ट’ नावाने ओळखली जाते. मालिनी सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनला जाऊन उच्च शिक्षण घेतले, आणि परतल्यावर चर्चगेटच्या ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये कार्यक्रमांचे संयोजन करण्याची नोकरी केली. नोकरी निवडताना हात किती चालतो, यापेक्षा डोके कुठे चालते हा हिशेब तिथे झाला होता.

तेव्हा कॉलेज बघायला जाताना कट-ऑफची यादी घरी ठेवावी आणि प्रश्नांची यादी बरोबर न्यावी. समान संधी कक्ष आहे का, आणि असल्यास तिथे प्रत्यक्ष कोण बसते? लेखनिकाचा अर्ज कुणाकडे आणि किती दिवस आधी द्यायचा? लिफ्ट सुरू असते की ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावून कुलूपबंद असते? दिव्यांगांना वापरता येईल असे स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर? लेक्चर ध्वनिमुद्रित करायला परवानगी मिळते का? वर्गापुढे उभे राहून सादरीकरण करण्याऐवजी लेखी प्रकल्प देता येतो का? गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी एखादी शांत खोली आहे का? ऑटिझम असलेल्या मुलाला कॉलेजचा फेस्ट सुरू असतानाही एकदा तिथे न्यावे. शांत दुपारी आवडलेली इमारत त्या दिवशी असह्य होऊ शकते, आणि हे प्रवेशाआधी कळलेले बरे.

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. शिष्यवृत्तीसाठी केंद्राचे राष्ट्रीय पोर्टल आणि राज्याचे महाडीबीटी ही दोन्ही दारे ठोठवावीत. पुस्तकांच्या बाबतीतही कायदा मदतीला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायदा दिव्यांगांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला परवानगी देतो. दृष्टिबाधितांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने स्वतः बोलावयाचे वाक्य घरी दहा वेळा म्हणून घ्यावे. उदाहरणार्थ : “सर, मला डिस्लेक्सिया आहे. मला विषय समजतो, पण भरभर वाचता-लिहिता येत नाही. परीक्षेत जास्तीचा वेळ आणि नोट्स दोन दिवस आधी मिळाल्या तर मी बरोबरीने चालू शकतो.” अडचणीचे वर्णन एका वाक्यात, जमते ते एका वाक्यात, हवे ते एका वाक्यात. आई शेजारी उभी असली तरी चालेल, पण बोलायचे मुलानेच.

परीक्षेचा तास

केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लेखनिकाची सोय आणि तासाला किमान २० मिनिटे जास्तीचा वेळ मान्य केला. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिताना खरोखर अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी वेगळी तत्त्वे आली. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल होता. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला, ४० टक्क्यांची अट न लावता, लेखनिक मिळायला हवा असे न्यायालयाने सांगितले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईशी थेट संबंध असलेला दुसरा निकाल आला. डिस्ग्राफिया, म्हणजे लेखनाशी संबंधित अध्ययन अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिच्या हक्काचा एक तास केंद्रावर नाकारला गेला होता. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला जबाबदार धरले आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना या तरतुदींचे प्रशिक्षण मिळायला हवे असे बजावले.

यातून घ्यायचा धडा व्यवहारी आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन केंद्रप्रमुखांना मंजुरीपत्र दाखवावे. परीक्षेच्या दिवशी त्याच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात. स्वतःचा लेखनिक नेणार असाल तर त्याची पात्रता किती असावी याचे नियम परीक्षेगणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक वाचावे. आणि लेखनिकाला आयत्या वेळी भेटू नये. उत्तर तोंडी सांगणे हे वेगळेच कौशल्य आहे. निदान पाच-सहा सराव पेपर त्याच लेखनिकाबरोबर सोडवून पाहावेत.

हाताला काम

प्रत्येक मुलाची वाट कॉलेजातून जात नाही, आणि जायलाच हवी असेही नाही.

आयटीआयमध्ये दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात. शिवाय शिकाऊ उमेदवारी आहे, काम करता करता विद्यावेतन मिळते. शीव-चुनाभट्टीच्या एटीआय संकुलात दिव्यांगांसाठीचे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र १९६८ पासून चालते. आता त्याचे नाव राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र झाले आहे. मुलाच्या क्षमतेची पाहणी, कोणते काम जमेल याचा सल्ला, छोटे प्रशिक्षण आणि नोकरीसाठी नोंदणी हे सारे तिथे एका छपराखाली होते. लालबागहून अर्ध्या तासात पोचता येते, तरी परिसरातल्या अनेक कुटुंबांना त्याचा पत्ताच नसतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांसाठी शिवडीची जय वकील संस्था हे या भागातले सर्वांत जुने नाव. आपल्या लेकीला शिकवेल अशी शाळाच नाही म्हटल्यावर वकील दांपत्याने १९४४ मध्ये ती सुरू केली. आज तिथे मोठ्या मुलांसाठी कौशल्य प्रशिक्षणही चालते, आणि तिथे तयार झालेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्य शासनाच्या सहकार्याने महाराष्ट्रातल्या विशेष शाळांत पोचला आहे. ब्रीच कँडीजवळ सोफिया कॉलेजच्या आवारात एस. पी. जे. साधना शाळा आहे. तिच्यातूनच राधिके खन्ना यांच्या पुढाकाराने ‘ओम क्रिएशन्स’ उभी राहिली. डाऊन सिंड्रोम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रिया तिथे हस्तकला आणि खाद्यपदार्थ तयार करतात आणि त्याचा मोबदला घेतात. जुहूचे ‘कॅफे अर्पण’ यश चॅरिटेबल ट्रस्ट चालवते. तिथे ऑटिझम आणि अन्य विकासात्मक अक्षमता असलेले तरुण ऑर्डर घेतात, सँडविच बनवतात, टेबल लावतात. कामाचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येकाला जमेल तो टप्पा द्यायचा, ही तिथली पद्धत.

कर्मशाळा निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तिथे वर्षानुवर्षे एकच काम चालते की मुलाला नवीन काही शिकवले जाते? दिवाळीच्या पणत्या रंगवणे छान आहे, पण बारा महिने पणत्याच असतील तर तो वेळ घालवणे झाले. दुसरी, हाती पैसे पडतात का? रक्कम थोडी असली तरी चालेल, पण आपल्या कामाचे पैसे येतात हे मुलाला कळले पाहिजे.

नोकरी : ओळखीचा माणूस आणि लेखी हक्क

गिरणगावात नोकरी ओळखीने लागायची. काका साच्यावर, म्हणून पुतण्या बदली कामगार. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक शांत झाले, पण ओळखीची ती साखळी वस्तीत अजून शाबूत आहे, आणि विशेष गरजा असलेल्या तरुणासाठी तिचा उपयोग आजही होऊ शकतो. जाहिरात वाचून अर्ज करणे आणि मुलाखतीत चटपटीत बोलणे यांत त्याचा पहिल्याच फेरीत निकाल लागतो. मंडळाच्या अध्यक्षांना, मेडिकलवाल्याला, हिंदमाताच्या कापड दुकानदाराला तो लहानपणापासून माहीत असतो.

म्हणून घरापासून दोन किलोमीटरच्या आतल्या कामांचा एक नकाशा काढावा. परळच्या रुग्णालयांत नोंदी लावणे, कपड्यांच्या घड्या घालणे, औषधांचे खोके मांडणे. लालबागच्या मसाला गल्लीत वजन करून पाकिटे भरणे. दादरच्या फुलबाजारात माळा आणि गजरे. गिरगावातल्या छापखान्यात पत्रिका मोजून पाकिटात घालणे. मूर्तींच्या कारखान्यात घासकाम आणि रंगाचा पहिला हात. लोअर परळच्या कार्यालयांत स्कॅनिंग, डेटा नोंद, सॉफ्टवेअर तपासणी. ठरलेल्या क्रमाचे, पुन्हा पुन्हा येणारे काम ऑटिझम असलेल्या काही तरुणांना मनापासून आवडते. इतरांना ज्या कामाचा कंटाळा येतो तेच त्यांचे बलस्थान ठरते. सगळ्यांना मात्र नाही, आणि ठरवणारा तो स्वतःच असावा.

आधी महिनाभर रोज दोन तास बिनपगारी नव्हे, तर मानधनावर करून पाहायचे असे मालकाशी बोलावे. सुरुवातीच्या दिवसांत शेजारी उभे राहून काम शिकवणारा आणि मग हळूहळू बाजूला होणारा माणूस लागतो. संस्थांच्या भाषेत त्याला जॉब कोच म्हणतात. पालकांनी स्वतः ही भूमिका घेऊ नये. आई दुकानात बसली की मालक मुलाशी न बोलता आईशीच बोलतो.

दुसरीकडे, लेखी हक्क आहेतच. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी मिळून आहे. कोणती पदे कुणाला खुली आहेत याची केंद्राची यादी जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पाहूनच स्पर्धा परीक्षेची तयारी ठरवावी. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, पण २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमावा, असे २०१७ चे नियम सांगतात. मुलाखतीआधी मनुष्यबळ विभागाला “तुमचे समान संधी धोरण पाठवाल का?” असे विचारणे हा उद्धटपणा नाही. उत्तर कसे येते त्यावरून त्या जागेचा अंदाजही येतो.

नोकरीची रचना बदलली की काय होते, हे मुंबईने ‘मिरॅकल कुरिअर्स’मध्ये पाहिले. २००९ च्या सुमारास ध्रुव लाक्रा यांनी सुरू केलेल्या या कंपनीत पाकिटे पोचवणारे सगळे कर्णबधिर तरुण होते. पत्ता वाचायचा, पोचवायचे, सही घ्यायची, आणि निरोप एसएमएसवर. ऐकू न येण्याने अडेल असे कामात काही ठेवलेच नव्हते.

लोकल, पगार आणि अठरावा वाढदिवस

पुष्कळ नोकऱ्या कामामुळे सुटत नाहीत, प्रवासामुळे सुटतात. करी रोडहून भायखळ्याला एकट्याने जाणे हा स्वतंत्र अभ्यासक्रम समजावा. आधी बरोबर जावे, मग एक डबा मागे बसून जावे, मग फक्त स्टेशनवर थांबावे. गाडी चुकली तर, पुढचे स्टेशन गेले तर, फलाट बदलला तर काय करायचे याचा मुद्दाम सराव करून घ्यावा. दिव्यांगांसाठीचा राखीव डबा फलाटावर कुठे येतो ते दाखवावे. दादरला गाडी बदलावी लागणार असेल तर पहिले सहा महिने गर्दीची वेळ टाळता येईल का, हे मालकाला विचारावे.

पगार मुलाच्या नावाच्या खात्यातच जमा व्हावा. बँक, एटीएम, यूपीआयची रोजची मर्यादा आणि ओटीपी कुणालाही न सांगणे हे धडे पहिल्या पगाराआधीच द्यावेत. संजय गांधी निराधार योजनेसारखे अनुदान घरात येत असेल, तर पगार सुरू झाल्यावर उत्पन्नाच्या अटीचे काय होते ते तहसील कार्यालयात आधी विचारावे.

अठराव्या वर्षी आणखी एक गोष्ट घडते आणि ती पालकांना चकित करते. कायद्याच्या नजरेत मूल सज्ञान होते, मग त्याची समज कितीही असो, आणि आई-बाबा आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व मिळते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. दादर, परळ, गिरगाव हे मुंबई शहर जिल्ह्यात येत असल्याने कार्यालय फोर्टच्या जुन्या जकात घरात आहे. याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

पण अर्ज करण्यापूर्वी थांबून विचार करावा. २०१६ चा कायदा मर्यादित पालकत्वावर भर देतो : ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळासाठी, आणि मुलाशी सल्लामसलत करून. स्वतःचे खाते चालवू शकणाऱ्या, स्वतःचे मत सांगू शकणाऱ्या तरुणावर सरसकट पालक नेमला तर त्याने कष्टाने मिळवलेले बरेच काही कागदावर परत काढून घेतले जाते.

कधी काय करायचे

नववीत तपासणी, विषयांचा निर्णय आणि यूडीआयडी. दहावीत सवलतींचे अर्ज, लेखनिकाबरोबर सराव, तीन कॉलेजे आणि एक व्यावसायिक केंद्र प्रत्यक्ष पाहणे. अकरावीत स्वतःची ओळख स्वतः करून देणे, एकट्याने प्रवास. सतराव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाचा पहिला अनुभव, अगदी पंधरा दिवसांचा का असेना. अठराव्या वर्षी बँक खाते, मतदार नोंदणी, प्रमाणपत्राची फेरतपासणी, आणि लागल्यास पालकत्वाचा अर्ज. पदवीच्या किंवा कोर्सच्या शेवटच्या वर्षी शीवच्या केंद्रात नोकरीसाठी नोंदणी.

आणि प्रत्येक मागणी लेखी करावी. अर्जाची दुसरी प्रत न्यावी, तिच्यावर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्यावी, ईमेल असेल तर तो जपून ठेवावा. तोंडी नकार मिळाला तर “हे लेखी द्याल का?” एवढेच विचारावे. पुष्कळदा गाडी तिथेच रुळावर येते. नाहीच आली, तर सरकारी आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारी असतो, आणि त्याच्या वर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीत प्रमाणपत्राची प्रत, मागणीचा अर्ज, पोच आणि नकार हे चार कागद तारखेच्या क्रमाने जोडावेत, आणि खाली सही विद्यार्थ्याची असावी.